सगळ्यांचा एकेक घास

रानाच्या टोकाला एक उंच काळा कडा होता आणि त्याच्या कपारींमध्ये पाकोळ्यांची वस्ती नांदत होती. मुलांनो, पाकोळी तुम्ही आकाशात पाहिली असेल. कोयत्यासारखे लांब वाकडे पंख आणि मूठभर अंग. ती दिवसभर हवेतच असते, हवेतच चिलटे पकडते, तळ्यावरून झेपावत पाणीही उडता उडताच पिते. तिचे पाय मात्र अगदी आखूड. खडकाला धरून लटकायचे, एवढाच त्यांचा उपयोग. सपाट जमिनीवर पडलेल्या पाकोळीला पुन्हा उडणे फार अवघड जाते. म्हणून पिलाची पहिली भरारी ही एकदाच घ्यायची असते. कपारीच्या तोंडाशी यायचे, स्वतःला खाली झोकून द्यायचे आणि पडता पडताच पंखांवर तोलायचे.

या वस्तीतल्या एका पाकोळीच्या जोडीदाराला ससाण्याने उचलून नेले. त्या वेळी तिच्या घरट्यात दोन दिवसांचे एकुलते एक पिलू होते. ती एकटी किती धावणार? पिलू भुकेने निपचित पडू लागले, तेव्हा शेजारीण चोचीत चिलटांचा गोळा घेऊन दारात आली.

"तू जरा दम घे," ती म्हणाली. "आजचा घास माझा."

मग वरच्या कपारीतला तरुण नर आला, खालच्या अंगाची दोघे नवराबायको आली. पुढच्या पंधरा दिवसांत वस्तीने आळीपाळीने चारा आणला नसता, तर पिलू वाचलेच नसते. आई हे कधीच विसरली नाही.

पिलू होतेही मोठे लाघवी. कोणी कपारीसमोरून गेले, की ते मान बाहेर काढून "काका!", "मावशी!" अशी गोड हाक मारी. जाणारा हमखास मागे वळे.

पिलांचे पंख शेपटीपर्यंत वाढले, तेव्हा वस्तीतल्या थोरलीने सगळ्यांना कड्याच्या उन्हाच्या बाजूला जमवले. थोरलीने वीस उन्हाळे पाहिले होते. ती कधी मोठ्याने बोलत नसे.

"आजपासून पिलांचे घास निम्मे करा," ती म्हणाली. "लहानपणी अंगावर चढलेलं आता उतरलं पाहिजे, तरच पंख अंगाला पेलतील. आणि रोज सकाळी प्रत्येक पिलानं पंख खडकाला रेटून अंग वर उचलायचं."

"किती वर?" एका बापाने विचारले.

"छातीखालून चिलट निघून जाईल इतकं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी कपारीकपारीतून पिलांची रडारड सुरू झाली, आणि आईबापांनी मन घट्ट केले. आपली ही आईसुद्धा त्यात होती. तिने त्याच दिवसापासून घास निम्मे केले. पिलू चोच उघडून रडे, तेव्हा ती पाठ करून बसे.

पण ती चाऱ्याला गेली, की शेजारीण यायची. 'बापाविना वाढतंय. माझ्या एका घासानं असं काय होतंय?' असे तिच्या मनात येई. ती घास भरवून कानाशी कुजबुजे, "आईला सांगू नकोस हं."

ती गेली, की वरचा तरुण यायचा. वारुळातून उडणारे गुबगुबीत, तेलकट पतंग पकडण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. "घे रे लेका, आपल्या दोघांचं गुपित," असे म्हणून तो मोठासा पतंग पिलाच्या तोंडात सोडी. त्याच्यानंतर खालची नवराबायको यायची, आणि तीही एकमेकांना चोरून, वेगवेगळी. शिवाय पलीकडच्या कपारींतली आणखी दोघे. आपल्याशिवाय कोणी देत नाही, असेच प्रत्येकाला वाटे.

पिलू गोल झाले. मऊ, चकचकीत, गळ्याला वळ्या. आईला ते पाहून भरून येई. 'निम्म्या घासावरही माझं बाळ कसं गुटगुटीत आहे!' असे म्हणून ती त्याच्या अंगावरून मायेने चोच फिरवी.

सकाळच्या कसरतीला ते दोनदा पंख रेटी आणि धप्पकन खाली बसे. शेजारची पिले खदखदून हसत. मग त्याचे डोळे भरून येत आणि आई म्हणे, "राहू दे, बाळा. ये आत."

एके दिवशी थोरली कपारीशी येऊन लटकली. तिने पिलाकडे बराच वेळ पाहिले.

"पोर जड झालंय गं."

"नजर लावू नका!" आई एकदम ताठ झाली. "बापाचं सुख त्याला नाही. चार घरची माया मिळते, ती तरी मिळू द्या."

"घास निम्मे केलेस ना?"

"पहिल्या दिवसापासून."

थोरलीला ते पटेना. तिने शेजारणीला विचारले. "एखादा देते कधीतरी," शेजारीण म्हणाली. तरुणानेही तेच सांगितले. एखाद्याने काय बिघडणार, असे म्हणून थोरलीनेही विषय सोडून दिला. प्रत्येकाचा एखादा मिळून किती होतात, हे तिने विचारले नाही.

मग वारा फिरला. दरवर्षी असे होते, की काही दिवस खालून येणारा वारा कड्याला भिडून वर चढतो आणि पिलांना अलगद झेलतो. त्यानंतर ढग उतरतात, कडा झाकून जातो, चिलटे नाहीशी होतात आणि वस्तीला दूरच्या माळाकडे निघावे लागते.

पहिल्याच सकाळी पिले एकामागून एक झेपावली. आकाशात नुसता किलबिलाट. आपले पिलू कपारीच्या तोंडाशी आले, पुढे वाकले आणि मागे सरकले.

"आई, मी उद्या जाऊ?"

"उद्या जा."

दुसऱ्या दिवशीही ते मागे सरकले. तिसऱ्या दिवशी ढग समोरच्या डोंगरावर आले.

"आई," पिलाने विचारले, "माझे पंख लहान आहेत का गं?"

आईने त्याचे पंख पाहिले. ते लांब होते, निकोप होते, इतर कुणाहीसारखे होते. मग तिची नजर पंखांखालच्या अंगावर गेली, आणि इतके दिवस जे दिसत होते ते तिला त्या क्षणी कळले.

"बाळा, तुला माझ्याशिवाय कोण घास देतं?"

पिलू घाबरले. "सांगायचं नाही म्हणालेत."

"मी कुणाला रागावणार नाही. सांग."

पिलाने सहा नावे सांगितली.

आई तशीच बाहेर झेपावली. ती थोरलीकडे गेली, थोरलीने वस्ती गोळा केली. उपाय एकच होता, वेळ. पिलाचे अंग उतरायला आठवडा तरी हवा होता. "आम्ही थांबतो," तरुण म्हणाला, आणि सारी वस्ती खरोखर थांबली. एक दिवस, दोन दिवस. पण आभाळात खायला काही उरले नाही. नुकती उडू लागलेली पिले उपाशीपोटी थरथरू लागली. थांबल्याच्या चौथ्या सकाळी धुके कड्याच्या पायथ्याशी आले. आणखी थांबणे म्हणजे सगळ्यांचाच जीव घालवणे होते.

"मी जातो आई," पिलू म्हणाले. "तू माझ्या खालून उड हं."

त्याने उडी घेतली. पंख उघडले. एक क्षणभर ते वाऱ्यावर तोललेही, आणि साऱ्या वस्तीच्या तोंडून "हां!" असा आवाज निघाला. मग ते तिरके तिरके घसरत पायथ्याच्या गवतात जाऊन पडले.

ते जिवंत होते. त्याची हाक ऐकू येत होती. पण आई उतरली असती, तर तीही तिथेच अडकली असती. ती गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून पुन्हा पुन्हा गेली.

"पंख हलव, बाळा! दगडावर चढ!"

"चढतोय!" खालून आवाज आला. "आई, दगड खूप उंच आहे."

शेजारीण गेली, तरुण गेला, सगळेच गेले आणि ओरडून धीर देत राहिले. दुपारी धुक्याने गवत झाकले. मग नुसती हाक येत राहिली. पुढे तीही आली नाही. सकाळी धुके जरा विरळ झाले, तेव्हा दबलेले गवत दिसले. पिलू तिथे नव्हते.

"मी एकच देत होते गं," शेजारीण रडत म्हणाली.

"मीही," तरुण म्हणाला. एकेक करून सहाही जण तेच म्हणाले.

त्यांच्यावर धावून जावे, असे आईला वाटले. पण याच चोचींनी तिचे पिलू एकदा जगवले होते, आणि त्याच्या गोलपणाचा अभिमान तिने स्वतःच मिरवला होता. "मला ठाऊक आहे," ती एवढेच म्हणाली, आणि वस्तीबरोबर उडाली.

पुढच्या उन्हाळ्यात ती परतली. तिने घरटे बांधले नाही. ती थोरलीकडे गेली आणि म्हणाली, "मला काम द्या."

त्या वर्षी वस्तीत नवी रीत पडली. कोणी कुणाच्याही पिलाला भरवले, तर मोठ्याने "घास दिला!" असे ओरडायचे. चोरून काही नाही. त्यामुळे दिवसाकाठी कोणाच्या पोटात किती गेले, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपोआप कळे. सकाळच्या कसरतीला मोठ्यांनीही पिलांच्या शेजारी पंख रेटायचे ठरले. आपले बाप धापा टाकताना पाहून पिले कुणा एकाला हसेनाशी झाली. आणि ही आई रोज कपारीकपारीतून फिरू लागली.

शेजारणीचे धाकटे पिलू तिला फार लाडके होते. पंख शेपटीला लागले त्या दिवशी ते तिच्यापुढे चोच उघडून बसले.

"मावशी, एकच घास दे ना. एकच."

तिच्या घशात चिलटांचा गोळा होता. तिने तो गिळून टाकला.

"नाही, बाळा. चल, पंख रेटू. मी मोजते."

"तू वाईट आहेस!"

"असेन," ती म्हणाली. "एक... दोन..."

वारा फिरला त्या सकाळी कड्यावरची सगळीच्या सगळी पिले उडाली. शेजारणीचे धाकटेही उडाले. त्याने मागे वळून पाहिले नाही. उडणारे पिलू कधी पाहत नाही. वस्ती आनंदाने कल्लोळ करत होती. ती एकटीच रिकाम्या कपारीला धरून पायथ्याच्या गवताकडे पाहत राहिली. माळाकडे निघालेल्या थव्यात ती सर्वांत शेवटी सामील झाली.

तात्पर्य एवढेच : मूल साऱ्यांचे असते, म्हणून त्याच्या घासाची काळजीही साऱ्यांनी मिळून, एकमेकांना सांगून घ्यावी; चोरून केलेल्या लाडाचे ओझे शेवटी त्या लेकराच्याच पंखांवर पडते.