कुंपणातले टाके

एकदा एक वृद्ध पंडित आपल्याच शिष्याच्या सत्काराला छिन्नी-हातोडा घेऊन गेले. गोष्ट तशी फार जुनी नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्या आहेत तिच्यात.

पंडितांनी हयातभर जुन्या लिप्या वाचल्या आणि बारा वर्षे शिष्याला शिकवल्या. शिष्य बुद्धिमान होता. एका घाटाच्या माथ्यावर कातळात खोदलेले पाण्याचे टाके होते. चढून आलेला कोणीही तिथे ओंजळीने पाणी पिई आणि पुढे जाई. टाक्यावरच्या कातळात शेवाळाखाली अक्षरे आहेत, हे शिष्याने हेरले. महिनाभर खपून त्याने ती मोकळी केली, वाचली आणि त्या खोऱ्यासाठी नेमलेल्या सरकारी वारसा मंडळाला कळवली.

मंडळ कधी नव्हे ते चटकन हलले. आठ फुटी जाळीचे कुंपण आले, फाटक आले, कुलूप आले, पहारेकरी आला. फलक लागला : 'संरक्षित स्थळ. पाण्यास स्पर्श करू नये.' कारण अगदी शास्त्रशुद्ध होते. भांडी बुडवली की पाणी उडते, कातळ ओला होतो, अक्षरे झिजतात. आता याला कोण काय बोलणार?

मग शिष्याचा सत्कार ठरला. भर वैशाखात कुंपणाला लागून मांडव पडला. पाहुण्यांना थंडगार बाटल्या वाटल्या गेल्या. पंडित येऊन बसले, तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई घाट चढून आली. तिने मोळी उतरवली आणि सवयीने फाटकाकडे वळली.

"मावशी, आत जायचं नाही," पहारेकरी म्हणाला.

"आरं, ल्हानपणापासनं पितीया मी हितलं पानी."

"तेव्हा प्यालीस ते प्यालीस. आता हे सरकारी झालंय."

बाई मुकाट्याने मोळीवर टेकली. तिच्याकडे कोणी पाहिले नाही, शिष्यानेही नाही. तो भाषण मनात घोळवत होता.

शाल पांघरून झाली, नारळ दिला गेला. पंडितांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. ते उठले, झोळीतून छिन्नी-हातोडा काढला आणि शिष्याच्या हाती ठेवला. "आजवर तुझ्याकडे गुरुदक्षिणा मागितली नाही. आज मागतो. लेखाची शेवटची ओळ फोडून टाक."

मंडळाचे साहेब घाईने पुढे आले. "गुरुजी, भलतंच काय? एक अक्षर जरी दुखावलं तरी कैद होते."

शिष्य गुरूंकडे वळला. "गुरुजी, माझं काही चुकलं का?"

"चुकलं की नाही ते तूच सांग. आधी ती ओळ वाच. मोठ्यानं वाच."

शिष्याने जाळीतून पाहत वाचले. एका व्यापाऱ्याचा या घाटात तहानेने जीव गेला. त्याच्या विधवेने हे टाके खोदवले. शेवटची ओळ अशी होती : 'या वाटेने येणारा कोणीही असो, त्याला हे पाणी अडवू नये.'

"ऐकलंत?" पंडित मांडवाकडे वळले. "त्या विधवेनं अक्षरं कोरवली ती पाणी राखायला. तुम्ही अक्षरं राखायला पाणी अडवलंत. अक्षर फोडलं तर कैद, आणि वचन मोडलं तर शाल-श्रीफळ! कुलूप लागल्यापासून तो दगड खोटं बोलतो आहे. खोटं जपायला मी तुला लिपी शिकवली नव्हती रे बाळा. मला तुझी लाज वाटते, आणि त्याहून माझी वाटते."

मोळीवरची बाई उठली आणि सरळ साहेबांना म्हणाली, "येवढं लिवलंय व्हय? मग उघडा की."

साहेब म्हणाले, "बाई, किल्ली जिल्ह्याच्या ऑफिसात असते. रीतसर अर्ज करा." कोणीतरी तिच्यापुढे बाटली धरली. तिने ती घेतली नाही. मोळी डोक्यावर चढवली आणि उतरणीला लागली.

शिष्याने छिन्नी-हातोडा गुरूंच्या पायाशी ठेवला, शाल काढून कुंपणावर टाकली आणि खाली मान घालून बाईच्या मागोमाग घाट उतरला. त्याला काय कळले ते त्याने कोणाला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो पायथ्याच्या गावातून खांद्यावर पाणी वाहून आणू लागला. फाटकाबाहेर त्याने माठ ठेवला. पंधरवड्याने मंडळाची नोटीस आली : संरक्षित स्थळापासून शंभर मीटरच्या आत माठ ठेवण्यास मनाई आहे. शिष्याने ती नीट वाचली. वाचायला तो शिकलेलाच होता. मग त्याने शंभर मीटर मोजले आणि माठ एक पाऊल पलीकडे नेऊन ठेवला.

टाके अजून काठोकाठ भरलेले आहे. अक्षरेही शाबूत आहेत, एकही झिजलेले नाही. तुमच्या गावाजवळ असे काही जपून ठेवले असेल, तर एकदा जाळीला नाक लावून त्यावर काय लिहिले आहे ते वाचून या.