जलशाळेचा निरोप

मुलांनो, जिथे तुमचे पाऊल कधी पडले नाही, त्या जागेविषयी तुम्ही देवापुढे उभे राहून साक्ष द्याल का? उत्तराची घाई करू नका. आधी ही गोष्ट ऐका.

फार पूर्वी डोंगरांच्या ओंजळीत एक विद्यापीठ वसले होते. पहाटे तेथे धुके इतके दाट उतरे, की धावणारे घोडे दिसत नसत, केवळ त्यांच्या टापा ऐकू येत. सुटलेला बाण धुक्यात शिरे आणि कोठेतरी दूर लाकडात रुतल्याचा आवाज येई. टेकडीवर देवीचे देऊळ होते. देवळातली घंटा वाजली, की तिचा नाद खालच्या तलावातूनही उमटतो, असे लोक सांगत.

शरीर ही देवाने सोपवलेली ठेव आहे, असे त्या विद्यापीठात मानीत. म्हणून शास्त्रांबरोबर खेळही शिकवले जात. खेळांच्या चार शाळा होत्या आणि चार गुरू. मल्लगुरू कुस्ती शिकवीत, धनुर्गुरू तिरंदाजी, अश्वगुरू घोडेस्वारी आणि जलगुरू पोहणे.

दर बारा वर्षांनी या गुरूंची प्रतवारी होई. जो पहिला ठरे, त्याला नवरात्रात देवीच्या पहिल्या आरतीचा मान मिळे. जो शेवटचा ठरे, त्याची शाळा पुढल्या प्रतवारीपर्यंत बंद राही आणि तिची जागा इतरांना दिली जाई.

निवाडा इतका कठोर, म्हणून निवाडा करणाऱ्यावरही एक बंधन होते. परीक्षकाने चारही शाळांत एकेक ऋतू नवशिका होऊन राहायचे. शिक्षण पुरे झाले, की गुरू शिष्याला निरोप देत. प्रत्येक शाळेचा निरोप वेगळा होता आणि ज्याला तो मिळे, तो दुसऱ्याला सांगत नसे. प्रतवारी जाहीर करण्यापूर्वी परीक्षकाने देवीपुढे उभे राहून चारही निरोप कुलगुरूंच्या कानात सांगायचे. कुलगुरूपदावर चारही शाळांत शिकलेलाच माणूस बसे, त्यामुळे त्याला ते सारे ठाऊक असत.

एका प्रतवारीसाठी एका थोर आचार्यांची परीक्षक म्हणून निवड झाली. त्यांचे पाठांतर निर्दोष होते, आवाज गंभीर होता आणि सभेत त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

आचार्य प्रथम मल्लशाळेत गेले. तेथे ते रोज पाठीवर पडले. पण बलवानाने पाडले तर त्यात लाज कसली? उन्हाळा सरला, तेव्हा मल्लगुरूंनी त्यांच्या कपाळाला तांबडी माती लावली आणि कानात एक शब्द सांगितला. तो शब्द येथे सांगता येणार नाही. तो मातीत लोळूनच मिळतो. पुढे धनुःशाळेत त्यांची बोटे सोलून निघाली, अश्वशाळेत मांड्या. तेथलेही निरोप त्यांनी प्रामाणिकपणे मिळवले.

उरली जलशाळा.

जलशाळेत बलवान विद्यार्थी फारसे नव्हते. ज्यांना इतर गुरू परत पाठवीत, ती मुले तेथे येत. कोणाचा पाय अधू, कोणाला दम लागे. स्पर्धांमध्ये जलशाळेचे नाव क्वचितच ऐकू येई. मल्लगुरू तर उघड म्हणत, "पाण्यात कोण कोणाला चीत करतो? तो तलाव बुजवा, तिथे माझी दुसरी तालीम होईल." अश्वगुरूही त्यात भर घालीत. जलगुरूंपेक्षा आपला घोडा अधिक बोलतो, असे ते सांगत. जलगुरू हसत आणि मान डोलावीत. घोडा हुशार आहे, एवढेच ते म्हणत.

ठरल्या सकाळी आचार्य तलावाकाठी आले. धुक्यात पायऱ्यांवर लहान मुले ओळीने बसली होती. पायरी घट्ट धरून ती पाण्यात पाय मारीत होती.

जलगुरू म्हणाले, "या आचार्य. पागोटे आणि उपरणे तिथे काठावर ठेवा. आज पायरी धरायची आणि पाय हलवायचे, एवढेच. मुले थोडी हसतील. ती माझ्या पोटालाही हसतात."

आचार्यांना पोहता येत नव्हते. ज्या मुलांना ते सायंकाळी व्याकरण शिकवीत, त्यांच्याच शेजारी बसून पाय आपटायचे, ही कल्पना त्यांना सहन होईना. ते म्हणाले, "आज प्रकृती ठीक नाही. उद्या येईन."

दुसऱ्या दिवशी थंडी होती. तिसऱ्या दिवशी ग्रहमान. असाच ऋतू सरत गेला. जलगुरूंनी बोलावणे थांबवले नाही. आचार्य वाटेत भेटले, की ते हात जोडून इतकेच म्हणत, "पाणी वाट पाहते आहे, आचार्य."

आचार्य तलावावर येत, पण काठावरच उभे राहत. तेथून त्यांना धुके दिसे, धुक्याखाली काळेशार पाणी दिसे. कधी एखादे मूल गुरूंचा हात धरून पाण्याखाली नाहीसे होई. वर वर्तुळे पसरत आणि विरून जात. काठावरच्या माणसाला आपण सारे स्वप्नातच पाहतो आहोत असे वाटे. मग ते मूल वर येई. त्याचे डोळे मिटलेले असत, मुद्रा शांत असे, आणि बराच वेळ ते कोणाशी बोलत नसे.

आचार्यांनी मनाची समजूत घातली. पाहिले म्हणजे शिकलेच. उरला निरोपाचा शब्द. जो शास्त्रांतील गूढ उकलतो, त्याला पोहण्याच्या शाळेतला एक शब्द उकलणार नाही काय?

नवरात्र आले. देवळात दिव्यांच्या ओळी लागल्या. चारही गुरू सभामंडपात बसले, त्यांच्यामागे शिष्य. आचार्यांच्या प्रतवारीत मल्लगुरू पहिले आणि जलगुरू शेवटचे आहेत, ही कुणकुण सर्वांना लागली होती. जलगुरूंच्या मागे बसलेली मुले एकमेकांचे हात धरून होती. शाळा बंद झाली, तर आपल्याला दुसरे कोणी घेणार नाही, हे त्यांना कळत होते.

आचार्य देवीपुढे आले. त्यांनी घंटेखाली उभे राहून शपथ घेतली, की चारही शाळांत मी शिष्य होऊन राहिलो आहे. मग ते कुलगुरूंच्या कानाशी वाकले. पहिला निरोप ऐकून वृद्ध कुलगुरूंनी मान हलवली. दुसरा ऐकून हलवली. तिसराही ऐकून हलवली.

चौथा ऐकला आणि त्यांची मान हलली नाही.

"पुन्हा सांगा," कुलगुरू म्हणाले.

आपला उच्चार पोचला नसावा, असे आचार्यांना वाटले. ते ताठ उभे राहिले आणि साऱ्या मंडपाला ऐकू जाईल अशा गंभीर स्वरात म्हणाले, "श्वास."

शब्द सुंदर होता. मल्लगुरूंनीही तो मनात तोलला आणि त्यांना तो पटला. परंतु जलशाळेच्या मुलांनी माना खाली घातल्या. जलगुरूंनी डोळे मिटून घेतले. इतरांना कळेना, की ही मुले अशी ओशाळली का.

कुलगुरू म्हणाले, "आचार्य, तुम्ही त्या पाण्यात उतरला होता?"

अजूनही वेळ गेली नव्हती. पण समोर सारी सभा होती आणि डोक्यावर पागोटे होते. आचार्य म्हणाले, "उतरलो होतो. खुद्द जलगुरूंनीच हा शब्द माझ्या कानात सांगितला."

कुलगुरूंनी जलगुरूंकडे पाहिले. आपल्या शाळेचा निरोप उघड करायचा नाही, या व्रताने ते बांधलेले होते; असा शब्दच नाही, असे म्हणणेही निरोप उघड करणेच झाले असते. शाळा जात असतानाही त्यांनी तोंड उघडले नाही. तेव्हा कुलगुरू देवीपुढे हात जोडून बोलले.

"माते, हे गुपित मी म्हातारपणापर्यंत सांभाळले. आज सांगितले नाही, तर एक शाळा विनाकारण बुडेल. जलशाळेच्या निरोपाला शब्द नाही. शेवटच्या दिवशी गुरू शिष्याचा हात धरून तळाशी जातात. तिथे दोघे बसतात. वरून उजेड खाली येतो, आणि घंटेचा नाद येतो. पाण्याखाली कोण काय बोलणार? श्वास पुरेल तितका वेळ गुरू नुसता हात धरून असतात. मला लहानपणी पाण्याची फार भीती वाटे. त्या दिवसानंतर कशाचीच वाटली नाही."

खालून, तलावातून, घंटेचा नाद आल्यासारखा वाटला. पण घंटा कोणी वाजवली नव्हती.

कुलगुरूंनी निवाडा दिला. एक साक्ष खोटी निघाली, म्हणून ती प्रतवारीच रद्द झाली. कोणतीही शाळा बंद होणार नाही. पहिल्या आरतीचा मानही कोणा गुरूला नाही. त्या वर्षी ती आरती जलशाळेच्या मुलांनी केली. मल्लगुरूंचे नाव पहिले लागणार होते. ते उठताना एवढेच म्हणाले, "मी खरेच पहिला होतो का, हे आता मलाही कळायचे नाही." तलाव बुजवण्याची भाषा त्यांनी पुन्हा केली नाही. तेव्हापासून परीक्षकाने साक्षीच्या दिवशी तलावातून निघून ओल्या वस्त्रांनीच देवळात यावे, असा नियम झाला.

आणि आचार्य? त्यांना कुलगुरूंनी विद्यापीठातून घालवले नाही. दोनच आज्ञा केल्या. तलावात उतरून शिक्षण पुरे करा. आणि यापुढे या देवळात कोणाविषयीही साक्ष देऊ नका.

दुसऱ्या पहाटे आचार्यांनी पागोटे आणि उपरणे काठावर ठेवले. मुले हसली. त्यांनी पायरी धरली. ऋतू संपताना जलगुरूंनी त्यांचा हात हातात घेतला आणि दोघे तळाशी गेले. तेथे आचार्यांनी तो हिरवा उजेड पाहिला, तो नाद ऐकला आणि आपल्या हातावरची ती पकड अनुभवली. ज्याला त्यांनी लबाडीने शेवटचा ठरवायला घेतले होते, त्याचाच हात त्यांना सोडीत नव्हता.

वर येताच ते ओल्या अंगाने देवळाच्या पायऱ्या चढले. चौघांत पहिला कोण, हे आता त्यांना निश्चित कळले होते. गाभाऱ्यापुढे त्यांनी तोंड उघडले.

कुलगुरू शांतपणे म्हणाले, "आचार्य, तुमची साक्ष येथे घेतली जात नाही."

पुढे आचार्य पुष्कळ वर्षे जगले. पुढल्या प्रतवारीला आणि त्याच्याही पुढल्या प्रतवारीला ते देवळाबाहेर ओल्या वस्त्रांनी उभे राहिले, पण त्यांना आत कोणी बोलावले नाही. तलावाकाठी लहान मुले त्यांना विचारीत, "आचार्य, आमचे गुरू सर्वांत चांगले ना?" आचार्य तोंड उघडीत, आणि आपली खोटी शपथ आठवून मिटून घेत.

यातून घ्यायचे ते हे: ज्या पाण्यात आपण उतरलो नाही, त्याविषयी देवापुढे साक्ष देऊ नये. जो देतो, त्याला एके दिवशी सत्य सापडते, आणि ते सांगण्याचा अधिकार त्याच्याजवळ उरलेला नसतो.