बरडावरची संत्री

“या बरडावर ही गोडी येतेच कशी, बुवा?”

दौलतराव बोंद्रेंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. निर्मळबुवा झाडाला आळं करत होते. त्यांचा हात थांबला नाही.

बोंद्रे म्हणजे नागपूरच्या फळबाजारातलं मोठं नाव. संत्र्याची एक फोड तोंडात टाकायची, डोळे मिटायचे आणि गाव सांगायचं, ही त्यांची ख्याती. हे काटोलकडचं, काळ्या जमिनीतलं. हे नदीकाठचं, पाणी अंमळ जास्त झालेलं. हे मोर्शीकडचं, पण विहीर आटत आलेली दिसते. लोक पैजा लावत आणि हरत. माती कळली की फळ कळलं, असं ते म्हणत, आणि तीस वर्षांत त्यांना कुणी खोटं पाडलं नव्हतं.

मग एके दिवशी बाजारात आलेल्या एका बाईने, बुवांच्या मढीतला प्रसाद म्हणून, त्यांच्या हातावर एक संत्रं ठेवलं.

बोंद्रेंनी फोड तोंडात टाकली. डोळे मिटले...

गाव सापडेना.

तसं संत्रं त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. रस दाट, गोडीच्या मागून येणारी आंबटाची बारीकशी धार, आणि गिळून झाल्यावरही जिभेवर रेंगाळणारा वास. दुसऱ्याच दिवशी ते वरुडच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी ती मढी शोधत आले.

येऊन पाहतात तो सगळा मुरूम. वीस-पंचवीस झाडं, तीही दगडांतून वर आलेली. बोंद्रेंनी माती जिभेवर ठेवून पाहिली. फिकी. विहिरीचं पाणी प्यायले. मचूळ. दोन दिवस ते बुवांबरोबर दगड वेचत राहिले. त्या फळापुढे हात जोडावेत असं वाटत होतं, आणि हरल्याची टोचणीही जात नव्हती.

तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र बुवा उठले. कुंपणाकडच्या झाडापाशी जाऊन वाकले, खडबडीत सालीचं एक पिवळं फळ तोडलं आणि बोंद्रेंना दिलं.

“सांगा, कुठचं?”

बोंद्रेंनी फोड चावली. जबडे आवळले. डोळ्यांत पाणी आलं.

“हे कुणी लावलेलं नाही जी. रानातलं आहे. कुठल्यातरी टाकाऊ जागेचं.”

बुवांनी बोट दाखवलं.

त्याच झाडाच्या बुंध्याला, जमिनीलगत, एक काटेरी फुटवा होता. त्यावर तशीच चार-दोन पिवळी फळं. आणि वर, त्याच बुंध्यावर, संत्र्यांनी वाकलेल्या फांद्या.

जंभेरी.

आंबट जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात, हे बोंद्रेंना काय ठाऊक नव्हतं? मुळं तिची, फळ संत्र्याचं. ती खालून फुटली की माळी लगेच छाटतो. तिची चव बघायला कोण जातं...

“हा फुटवा ठेवला कशाला?”

बुवांनी सावकाश सांगितलं. बाहेरून आणलेली कलमं इथे तीनदा वाळून गेली. या टेकडीवर रानजंभेरीचं एक म्हातारं झाड होतं. मग त्याच्याच बिया त्यांनी रुजवल्या. मुरूम फोडून पाणी कसं गाठायचं, हे तिला येत होतं. वरचा डोळा मात्र सगळ्यांकडे असतो तसल्याच संत्र्याचा. पुढे बाकी झाडांचे फुटवे छाटले, खाली कोण आहे ते दिसत राहावं म्हणून या एकाचा ठेवला.

बोंद्रे झाडाखाली बसले. हातातलं फळ टाकून द्यावं असं त्यांना वाटलं नाही. एकेक फोड काढून ते खात राहिले. तोंड वाकडं होत होतं, डोळे वाहत होते, पण एकही फोड त्यांनी थुंकली नाही. आजवर सांगितलेली सगळी गावं आठवत होती. एवढ्या फळांखाली कोण उभं होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.



“हिच्या जिवावर वर एवढी गोडी येते,” बोंद्रे शेवटी हळूच म्हणाले. “हिला ठाऊक असेल का जी?”

बुवा पुढच्या झाडाच्या आळ्याकडे वळले होते.

“ठाऊक असतं, तर गोडी वर पोचलीच नसती.”