सटवाजीनं पारखलेली जीप

भोकरवाडीत सटवाजी नावाचा एक गडी राहत होता. भोळा होता. भोळा हा गावाचा शब्द. त्याच्या बायकोकडं, अनसाकडं, दुसरे शब्द होते, पण ते ती चारचौघांत काढत नसे. सटवाजीला सांगितलेलं ऐकू यायचं, ध्यानात राहायचं आणि सांगितलं तस्सं तो करायचा. गावातल्या बायकांना याचा हेवा वाटे.

"आमचे तर सांगितलेलं ऐकतच नाहीत," त्या म्हणायच्या.

"न्या माझा आठ दिवस," अनसा म्हणायची. "मग बोला."

एक काम मात्र त्याला झकास जमायचं. गाडी हाकायचं. गाडीत गिअर असतो, ब्रेक असतो, चाक असतं. त्यातलं कुणी माणसाला तोंडानं काही सांगत नाही.

त्यांची एकुलती एक लेक शेवंता डोंगरापल्याड कातळदऱ्याला दिली होती. तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे काही कुणी शिकवायला लागत नाही. अनसानं नवी बाज विणून घेतली. डिंक, खारीक, अळीव डब्यात भरले. तिच्या स्वतःच्या पहिल्या खेपेला तिला आई नव्हती, आणि सासूनं तिला तिसऱ्या दिवशी जात्यावर बसवलं होतं. ते ती विसरली नव्हती. शेवंता या बाजेवर निजली पाहिजे, एवढाच तिचा ध्यास होता.

अडचण होती रस्त्याची. एसटी फाट्यापर्यंत जायची. पुढं ओढ्याची वाळू, आणि वाळू संपली की नुसते दगड. त्यात शेवंताची सासू हौसाबाई. तिच्या तोंडाला चार गावांत कुणी लागत नसे. तिनं निरोप धाडला: "सून नेताय तर न्या. पण गाडी धड पाहिजे आणि गाडीतलं सामान धड पाहिजे. माझ्या सुनेला वाटेत ओढ्यात बसवलंत, तर माझ्या दारात पुन्हा उभं राहू नका."

अनसाच्या भावानं त्याची जुनी जीप दिली. जीप चालती होती, पण आत काही म्हणजे काही नव्हतं. रुतली तर ओढायला दोर नाही, वर टाकायला ताडपत्री नाही, वाटेत लेकीला पेज करून द्यायला स्टोव्ह नाही. जादा टायर नाही. बाजूचा आरसासुद्धा नाही. अनसानं ठरवलं, एकेक वस्तू आणायची. नवऱ्याला एका वेळी दोन कामं सांगायची नाहीत, हे ती लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकली होती.

सटवाजी तालुक्याला गेला. तिथं इब्राहिमभाईंचं मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. इब्राहिमभाईंनी त्याला स्टूल दिलं, चहा पाजला आणि दोर दिला. सटवाजी दोर घेऊन घरी आला. अनसानं एक टोक पायाखाली धरलं, दुसरं हातानं ओढलं. दोर तुटला आणि अनसा अंगणात बसली.

"न बघता आणलात?" ती खाली बसूनच म्हणाली. "अहो, चार हमाल लावायचे. दोघं इकडून, दोघं तिकडून. जीव खाऊन ओढायचं. तुटलं नाही तर घ्यायचं."

"बरं," सटवाजी म्हणाला.

दोर मग अनसानं भावाकडून मागून घेतला आणि नवऱ्याला ताडपत्रीसाठी धाडलं. सटवाजीनं अड्ड्यावरचे चार हमाल बरोबर घेतले. ताडपत्री चांगली जाड होती. हमालांनी ओढली, फाटेना. इब्राहिमभाईंना मजा वाटली. "बघा, माल कसा आहे," ते म्हणाले.

"जीव खाऊन ओढा," सटवाजी म्हणाला.

हमालांनी जीव खाल्ला. ताडपत्री उभी फाटली.

"नको मग," सटवाजी म्हणाला.

"अहो, तुम्हीच फाडलीत ना?"

"मी कुठं? मी तर लांब उभा होतो."

घरी अनसानं ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवली. "ताडपत्री कुणी ओढतं का? ताडपत्रीवर पाणी ओतायचं असतं. दोन घागरी ओतायच्या, खाली वाकून बघायचं. थेंब गळला तर घ्यायची नाही. एवढं साधं आहे."

सटवाजीला ते पटलं. साधंच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला स्टोव्ह आणायला धाडलं.

त्यानं दुकानात शिरल्या शिरल्या पाणी मागितलं. इब्राहिमभाईंना वाटलं, उन्हातून आलाय बिचारा. त्यांनी तांब्या पुढं केला.

"एवढ्यानं भागणार नाही," सटवाजी म्हणाला. "दोन घागरी लागतील."

मग त्यानं नवा स्टोव्ह उंचावर ठेवला आणि दोन घागरी त्याच्यावर ओतल्या. खाली वाकून बघितलं. "गळतोय," तो म्हणाला. इब्राहिमभाईंनी त्या दिवशी चहा मागवलाच नाही.

"स्टोव्ह पेटवून बघायचा असतो," अनसा म्हणाली. आता ती दातओठ खाऊन हळू बोलत होती. "काडी लावायची. ज्योत निळी आली तर घ्यायचा. काळा धूर आला तर तिथंच ठेवून यायचं."

टायर आणायला सटवाजी गेला तेव्हा इब्राहिमभाई जेवायला बसले होते. सटवाजीला घाई नव्हती. त्यानं एक नवा कोरा टायर मागच्या अंगणात गडगडत नेला, थोडं रॉकेल शिंपडलं आणि काडी लावली. मग समोर उकिडवा बसून ज्योत बघत राहिला. थोड्या वेळानं सगळा बाजार बघायला आला. इब्राहिमभाई धावत आले. हाताला कालवण तसंच.

"काय करताय हे?"

"जरा थांबा. अजून निळी येत नाही."

"काय निळी?"

"धूर काळाच आहे," सटवाजी म्हणाला. त्यानं गुडघ्यावर हात देऊन उठत टायरकडं एकदा नीट बघितलं. "नको. ठेवा तुमच्याकडंच."

त्या दिवशी तो घरी फार खुशीत आला. खराब माल गळ्यात पडता पडता वाचला होता. धुराची बातमी मात्र त्याच्याआधीच एसटीनं गावात पोचली होती. अनसा दारातच उभी होती.

"टायर जाळलात?"

"पेटवून बघितला."

"टायर रस्त्यावर बघतात हो. गाडीखाली घालायचा, वर बोजा टाकायचा, चांगला दगडाखड्ड्यातून न्यायचा. सरळ रस्त्यावर काय कळणार? खाचखळग्यातून काढला आणि टिकला, तर तो खरा."

ताडपत्री, स्टोव्ह, टायर, सगळं शेवटी भावानंच दिलं. राहता राहिला आरसा. सटवाजी या वेळी जीपच घेऊन गेला, कारण गाडीशिवाय गाडीखाली काय घालणार? जीप बघितल्याबरोबर इब्राहिमभाईंनी शटर कमरेपर्यंत ओढून घेतलं. आरसा खालून बाहेर सरकवला.

"घ्या आणि जा."

सटवाजीनं आरसा चाकापुढं ठेवला. काच वर केली, म्हणजे तिला धूळ लागणार नाही. वर बोजा हवा म्हणून मागं दोन पोती टाकली. मग जीप पुढं घेतली. जरा कुरकुर झाली म्हणून मागं घेऊन पुन्हा बघितलं.

"इब्राहिमभाई, हा टिकत नाही. दुसरा दाखवता का?"

शटर पुरतं खाली आलं.

काचा रुमालात बांधून सटवाजी घरी आला, तेव्हा अनसा ओरडली नाही. शेवंताला आठवा लागला होता, आणि अनसा अजून आरशापाशीच अडली होती. ती नव्या बाजेच्या कडेला बसली आणि लहान पोराला समजवावं तसं बोलली.

"हे बघा. काही वस्तू नाजूक असतात. नव्या असतात. एकच असतात. त्यांच्यावर एकदम प्रयोग करायचा नाही. त्याच जातीची एखादी जुनी, टणक वस्तू घरात असतेच. ती आधी घालायची. जुनी टिकली, की मगच नाजूक वस्तूला हात लावायचा. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

सटवाजीनं एकही शब्द न चुकता सगळं परत म्हणून दाखवलं. अनसाला हायसं वाटलं. तिथंच ती फसली.

आरसाही भावाच्याच घरून आला. सामान पुरं झालं. गाडीत लेकीला पाय पसरायला जागा हवी, म्हणून अनसा मागंच थांबली. "शेवंताला घेऊन या," ती म्हणाली. याहून जास्त काही बोलायचं तिनं मुद्दाम टाळलं. वाटेत खायला भाकरी बांधून दिली आणि विहिणीसाठी ज्वारीचं एक गाठोडं.

कातळदऱ्याला शेवंता ट्रंक बांधून ओट्यावर तयार होती. पोट पुढं आलेलं, चेहरा सुकलेला. सटवाजीनं लेकीकडं बघितलं. नाजूक होती. नवी होती म्हणायला हरकत नाही. आणि एकच होती.

त्याचा पाय अडला.

गोठ्यात हौसाबाई पदर खोचून म्हशीला शिव्या देत होती. म्हैस मान खाली घालून ऐकत होती. सटवाजी हौसाबाईकडं बराच वेळ बघत राहिला. जात तीच होती, बाईमाणूस. जुनी होती. टणक तर दिसतच होती.

"विहीणबाई," तो हात जोडून म्हणाला, "आधी तुम्ही बसायचं गाडीत."

"मी?"

"तुम्हीच. तुमच्या आधी शेवंताला हातसुद्धा लावणार नाही मी."

हौसाबाईला उभ्या जन्मात कुणी असं काही म्हटलं नव्हतं. तिनं पदर सोडला, नीट डोक्यावरून घेतला. "बघ गं," ती सुनेला म्हणाली, "तुझ्या बापाला रीत कळते. तू काही घेतली नाहीस त्यातली." आणि ती ठेवणीतलं इरकली लुगडं नेसायला आत गेली.

शेवंता बापाला ओळखून होती. "आबा, काय चाललंय तुमचं?"

"तू थांब. तू मागनं."

हौसाबाई गाडीत बसली. सटवाजीनं ज्वारीचं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. "हे पोटाशी घट्ट धरायचं," तो म्हणाला. तिला वाटलं, आहेर आहे. तिनं छातीशी कवटाळलं.

मग सटवाजीनं गाडी काढली. रस्ता सोडून काढली. जिथं म्हणून खड्डा दिसला, तिथं तो गेला. एक मोठा दगड चुकला, तर मागं येऊन पुन्हा गेला. हौसाबाईचं डोकं वरच्या लोखंडी दांडीला आपटलं.

"अहो व्याही, तिकडनं वाट बरी आहे."

"बऱ्या वाटेनं काय कळणार?" सटवाजी म्हणाला.

तिनं गाठोडं आणखी घट्ट धरलं. मान मिळाला होता. मानाचं माणूस कुरकुर करत नाही.

भोकरवाडीत अनसा भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, लेकीवरून ओवाळायला. शेजारच्या बायका जमल्या होत्या. जीप थांबली. आतून हौसाबाई उतरली. केस धुळीनं पांढरे, कंबर वाकलेली, गाठोडं पोटाशी.

अनसाचा तुकडा हातातच राहिला. "शेवंता?"

"शेवंता सुखरूप आहे घरी," हौसाबाई म्हणाली. "व्याही आधी मलाच घेऊन आले. अनसाबाई, कंबर जरा धरलीय, पण ते जाऊ द्या. एवढा मान मला माझ्या माहेरानं दिला नाही. माझं मन भरलं. उद्याच न्या सुनेला. चांगली चार महिने ठेवा."

अनसाला काही कळलं नाही, पण काम झालं एवढं कळलं. चार महिने. लेक बाजेवर. तिनं सटवाजीकडं बघून डोळे मोठे केले, म्हणजे आता तोंड उघडू नका. पण डोळ्यांनी सांगितलेलं सटवाजीला कळत नसे. त्याला तोंडानंच सांगावं लागायचं.

तो विहिणीभोवती एक फेरी मारून आला. "विहीणबाई, जरा सरळ उभ्या राहता का?"

"का हो?"

"टिकलात का बघतो." त्यानं गाठोडं चाचपलं. "हे पण फुटलं नाही. आठव्या महिन्याएवढंच वजन आहे, मी उचलून बघितलं होतं."

बायकांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला.

"कसला आठवा महिना?" हौसाबाईनं विचारलं.

"शेवंताचा. शेवंता नाजूक, नवी, एकच. ती एकदम कशी घालणार? म्हणून त्याच जातीची जुनी, टणक वस्तू आधी घातली." मग श्रेय ज्याचं त्याला द्यावं म्हणून तो म्हणाला, "अनसानंच सांगितलं होतं."

हौसाबाईनं अनसाकडं बघितलं. अनसानं तांब्याकडं बघितलं.

"माझी सून या गाडीत बसायची नाही," हौसाबाई म्हणाली. "या घरात यायची नाही. आणि मीही इथं क्षणभर थांबायची नाही." ती ताडकन वळली. कंबरेत कट्‌ असा आवाज झाला. जवळ होतं त्याचा तिनं आधार घेतला. जवळ, दाराशीच मांडलेली शेवंताची बाज होती.

त्या बाजेवरून ती उठली नाही. जीपमध्ये ती बसेना आणि चालता येईना. अनसा तिच्या कमरेला रोज तेल लावायची, शेगडीचा शेक द्यायची. डिंकाचे लाडू तिलाच वळून घालावे लागले. शेवंता सासरीच बाळंत झाली. मुलगी झाली. घरात सासू नव्हती, म्हणून तिला तिसऱ्या दिवशी उठवायला कुणी आलं नाही. शेजारणींनी सगळं केलं. ही बातमी फाट्यावरून एका दूधवाल्यानं आणली. अनसानं ऐकली आणि तेलाची वाटी खाली ठेवली.

"झालं ते झालं," ती सटवाजीला म्हणाली. "लेक आली नाही, निदान मला तरी तिच्याकडं घेऊन चला. नातीचं तोंड बघू द्या."

सटवाजीनं बायकोकडं बघितलं. दोन महिन्यांत ती वाळली होती. नवी नव्हती, पण नाजूक दिसत होती. आणि त्याला एकच होती.

"नेतो की," तो म्हणाला. "पण तुला एकदम कशी नेऊ? आधी विहीणबाईंना एक खेप मारून आणतो."

बाजेवरचं पांघरूण हललं. हौसाबाई उठली. कुणाचा हात न धरता उभी राहिली, पायात वहाणा सरकवल्या, पदर खोचला आणि दारातून बाहेर पडून डोंगराची वाट धरली. वाटेतल्या कुत्र्यालाही तिनं मागं टाकलं.

सटवाजी ती दिसेनाशी होईपर्यंत उंबऱ्यात उभा राहून बघत होता.

"टिकल्या की," तो म्हणाला. "चल, बस आता."