चिमीचं पाणी कुणाचं?

“रान तुमचं म्हणता? मग साक्षीदार आणा!” गजधर राजा गरजला.

ठाकरांची अख्खी वाडी दरबारात हात जोडून उभी होती. शिकारीला मोकळं रान हवं म्हणून राजाने त्यांच्या झोपड्या पाडून त्यांना उघड्या माळावर हाकललं होतं. माळावर ना कंद, ना मध, ना प्यायला धड पाणी. शिकार निघाली की मात्र हाका घालून जनावरं उठवायला याच माणसांना बोलावणं जाई!

“साक्षीदार तुमच्या जातीचा नको, सोयरा नको, पढवून आणलेला तर नकोच,” राजा मिशीला पीळ देत म्हणाला. “आणि त्याला खोटं म्हणायची या दरबारात कुणाची छाती होता कामा नये! आणलात तर रान तुमचं. नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नका.”

वाडीचा म्होरक्या वाळकू मटकन खाली बसला. त्या रानात त्यांच्याशिवाय राहिलंय कोण? असा साक्षीदार म्हणजे सशाचं शिंग! प्रधान गालातल्या गालात हसला.

तेवढ्यात वाळकूची लेक पदी पुढे झाली. तिची जीभ अशी, की बापही तिला वचकून असे.

“साक्षीदार इथंच बसलाय, महाराज. दावते. पण आधी कालची शिकार ऐकवा की! आमी हाका घालत मागं राहिलो, गंमत दिसलीच नाय.”

शिकारीचं नाव काढलं की राजाला तहानभूक आठवत नसे. तो सिंहासनावरून अर्धा उठला. “काय सांगू, पोरी! हिरूच्या आंब्याखाली सांबर उठलं. मी त्याच्या मागे! चिमीच्या पाण्याशी ते घुटमळलं, तिथून थेट जान्याच्या कड्यावर, आणि तिथे एकाच बाणात...”

“थांबा, महाराज! ही हिरू कोण?”

“मला काय ठाऊक? आंब्याचं नाव आहे ते!”

“माझी पणजी. कोय तिनं लावली. अन् चिमी?”

राजाने खांदे उडवले.

“हिरूची सासू. झरा आटला तवा खडक फोडून तिनं पाणी काढलं. जान्या माझा आजा. मध काढताना त्या कड्यावरनं पडला, तिथंच गेला बिचारा. ज्याच्या हातून जिथं काही घडलं, त्याचं नाव त्या जागेला, ही आमची रीत. आता सांगा, तुमच्या आज्या-पणज्याचं नाव रानातल्या कुठल्या दगडाला हाय?”

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने छताकडे पाहिलं.

“तुमी ना आमच्या जातीचे, ना सोयरे. पढवलं कुणी नाय, आपसूक बोललात. अन् राजाला खोटं कोण म्हणंल? हा बघा आमचा साक्षीदार!”

वाळकूने भीतीने डोळेच मिटले. मग राजाचं पोट हलू लागलं, आणि तो असा खदखदून हसला की मुकुट घसरून कानावर आला!

“हरलो, पोरी! प्रधानजी, ताम्रपट करा. रान यांचं, पिढ्यान्‌पिढ्या! सीमा याच नावांनी कोरा. पाडलेल्या झोपड्या आपल्या खर्चाने उभ्या करा.” त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून पदीला दिलं आणि हळूच म्हणाला, “एखाद्या जागेला माझंही नाव द्या की गं!”

“दिलंय की, महाराज! काल परतताना डुक्कर मागं लागलं, तवा तुमी ज्या झाडावर चढलात ना, त्याला कालपासून आमी गजधराचा उंबर म्हणतो!”

सगळ्यांत आधी प्रधान हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने राजा.