शेकरूने बनवलेली वाट

फार फार वर्षांपूर्वीची, रानात माणसाची पायवाटही पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. त्या रानातल्या प्रत्येक प्राण्याकडे मोबाइल होता. हसताय काय? गोष्ट माझी आहे, रानही माझंच. ऐकायचं तर नीट ऐका, कारण पुढे जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तिथे एक शेकरू राहायचं. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची ती मोठी तांबूस खार. झाडावर जन्मते, झाडावरच म्हातारी होते, जमिनीवर पाय म्हणून ठेवत नाही. या शेकरूच्या डोक्यात एकच वेड होतं, आपण ॲप बनवायचं. आणि साधंसुधं नाही, वणवा लागला की सगळ्यांना नदीपर्यंत नेणारं! दर उन्हाळ्यात रानाला वणव्याची धास्ती असायची, त्यामुळे वेड चांगलंच होतं.

ॲप बनवायला शिकवणारी एक म्हातारी, आठ पायांची कोळीण होती. शेकरू तिच्याकडे गेलं. तिने आधी त्याला झाडाच्या सालीवर चित्रं काढायला लावली. कुठलं बटण कुठे, ते दाबलं की काय होणार. मग कोड लिहायला शिकवलं. एक ओळ चुकली की सगळं बंद पडायचं आणि शेकरू रडकुंडीला यायचं.

"रडून झालं?" कोळीण विचारायची. "आता चूक शोध."

खरं सांगतो, पोरगं मेहनती होतं. नदीपर्यंत फिरून वाट त्याने स्वतः नकाशात भरली. धूर कुठून येतोय ते ॲप ओळखायचं आणि पडद्यावरचा बाण वाट दाखवायचा.

कोळीण म्हणाली, "छान जमलंय. आता एकच धडा राहिला. हे जमिनीवर राहणाऱ्या कुणाच्या तरी हातात दे. त्याला एकट्याने नदीपर्यंत जाऊ दे. तू मागे राहा आणि तोंडातून अवाक्षर काढू नकोस."

"हॅ! त्यात काय शिकायचंय?"

"तेच सगळ्यात अवघड आहे, बाबा."

शेकरूच्या झाडाखाली करवंदाच्या जाळीत एक सशीण पिल्लांना घेऊन राहायची. शेकरू खालच्या फांदीवर आलं आणि म्हणालं, "ताई, माझं ॲप वापरून बघ ना." सशिणीने आपल्या मोबाइलवर ते उघडलं. "हा बाण कुठे..." एवढंच ती म्हणाली, आणि शेकरूला कुठलं राहवतंय! फांदीवरून लोंबकळून त्याने मोबाइल तिच्या हातातून ओढलाच. "असं नाही गं ताई, असं! थांब, मीच दाखवतो."

आणि सुटलं की फांद्याफांद्यांवरून नदीकडे! गेलं, परत आलं, धापा टाकत म्हणालं, "बघितलंस? कसं मस्त चालतंय!"

सशीण पडली भिडस्त. "छान आहे हो," ती म्हणाली. झाली परीक्षा!

कोळिणीला शेकरूने सांगितलं, "ताईला फार आवडलं." आता हे काही खोटं नव्हतं, म्हणून तर माझं डोकं फिरतं! सगळ्या रानाने ॲप घेतलं. शेकरूला फांदीफांदीवर थांबवून शाबासकी मिळायला लागली.

मग एका भर दुपारी वणवा पेटला.

शेकरू बाणाच्या मागे उड्या मारत नदीपाशी पोचलंसुद्धा. तिथल्या उंच आंब्यावरून त्याने मागे पाहिलं. सशीण अजून शेकरूच्याच झाडाखाली होती. बुंध्यावर उड्या मारत होती, घसरून पडत होती, पुन्हा उडी मारत होती. आणि अरे देवा, तिची ती एवढीएवढीशी पिल्लंही तेच करत होती! मागून धूर येत होता.

शेकरू जीव खाऊन मागे आलं. "ताई, अगं पळ! इथे काय करतेस?"

"चढतेय रे! बाण वर दाखवतोय. फांदीवर जा म्हणतोय."

शेकरूचे डोळे पांढरे झाले. नकाशातली सगळी वाट फांद्यांची होती. त्याच्या डोक्यात दुसरी वाट कधी आलीच नव्हती.

"तुला जमिनीवरून वाट ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे की, ओढ्याची. लहानपणापासून तिथूनच नदीवर जाते. पण म्हटलं, तू शिकलेला. वर पाठवतोयस म्हणजे ओढ्यात आग असणार."

शेकरू किंचाळलं, "फेक तो मोबाइल! ओढ्यातून चल!" आयुष्यात पहिल्यांदा त्याने जमिनीवर उडी टाकली, एक पिल्लू तोंडात धरलं आणि सशीण दाखवेल तिकडे धावत सुटलं.

पिल्लं सगळी वाचली. पण पिल्लांना पुढे काढताना सशीण मागे राहिली, आणि निखाऱ्यांवरून येताना तिचे मागचे पाय भाजले. सशिणीचे मागचे पाय! पुन्हा तिला कधी उडी मारता आली नाही.

पाऊस होऊन रान हिरवं झालं तेव्हा शेकरू मान खाली घालून तिच्या जाळीवरच्या फांदीवर आलं. "ताई, मी ॲप काढून टाकलं. पुन्हा बनवणार नाही."

सशीण भडकली. "वा रे वा! पुढच्या उन्हाळ्यात माझी पोरं कुठून जाणार? इतरांची कुठून जाणार? चल, उतर खाली."

ती लंगडत पुढे निघाली, शेकरू मागून चालू लागलं. पावलापावलाला काटे, दगड, खड्डे, वारुळं. सशीण प्रत्येकाला वळसा घालत होती, मध्येच बसून पाय चाटत होती. आपण जन्मभर ज्याच्यावर राहिलो ते रान खाली असं आहे, हे पाहून शेकरू हबकून गेलं. नदी यायला संध्याकाळ झाली, आणि तिथेच बसून शेकरूने नव्या ॲपसाठी जमिनीवरची वाट नकाशात भरायला घेतली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, बोध एवढाच: दुसऱ्यासाठी काही बनवायचं असेल, तर ते आपल्याला जमतं का हे पाहून थांबू नये, त्याला जमतं का ते पाहावं.