वाडग्याला धरतं कोण?

"एकानं तरी खरं मानलं का माझं? पंप चालू होता, आबा! वाडगा ओढून धरणाऱ्या दाबाचा काटा पुरा वळलेला होता. तरी वाडगा उडाला."

म्हातारे भिकाजी कातारी, कारखान्यातले सगळ्यांचे आबा, फुटका वाडगा हातात फिरवत बसले होते.

सत्यवती नुसती धुमसत होती. अकरा वर्षं तिनं या कारखान्यात घासकाम केलं, तेव्हा कुठे लाकूड कातायच्या लेथवर उभी राहिली. आणि आज देवळासाठी कातत असलेला फणसाच्या लाकडाचा वाडगा लेथवरून सुटून भिंतीवर आपटला, काठाचा टवका उडाला. दाराजवळच्या फळ्यावर गड्यांनी लगेच तिचं नाव लिहिलं. इथली रीतच तशी. फळ्यावर ज्याचं नाव, त्यानं लेथला पुन्हा हात लावायचा नाही.

"बाईचा हात, म्हणे! मेल्यांच्या हातून कधी काही फुटलंच नाही जसं."

आबा उठले. तोच वाडगा त्यांनी लेथच्या रबरी कड्यावर पालथा टेकवला, टवका कड्याच्या बाहेर ठेवून, तळावर अंगठा ठेवला आणि पंप सुरू केला. आतली हवा खेचली गेली. काटा पुरा वळला.

"ओढ."

तिनं पाय रोवून ओढला. वाडगा ढिम्म हलेना.

"कोणी धरलाय?"

"पंपानं."

"पंप तर आतलं बाहेर काढतोय. आत कोण उरलं?"

"कोणी नाही..."

"मग?"

उन्हाच्या तिरिपेत भुसा तरंगत होता, खाली यायचं विसरल्यासारखा. सत्यवतीला वाटलं, माडांवरचा वारा, खाडी, पलीकडचं सगळं आभाळ हळूच आत आलंय आणि वाडग्याला खांदा लावून उभं आहे.

"बाहेरच्यानं धरलाय, आबा..." ती पुटपुटली. "सगळ्यानं मिळून."

आबांनी अंगठा उचलला.

बारीक शीळ वाजली. काटा माघारी फिरला. वाडगा अलगद तिच्या ओंजळीत आला.

तळाला किड्यानं पाडलेलं भोक होतं, मोहरीएवढं. कडेला मेण चिकटलेलं. फिरताना तापून ते वितळलं होतं.

"बघा! मी सांगत होते की नाही..."

आणि ती थबकली.

"आबा... अंगठा नेमका तिथेच कसा ठेवलात?"

"लाकूड देखणं होतं, बाय. टाकवेना. मेण भरून दिलं."

त्यांनी बाहीनं फळ्यावरचं तिचं नाव पुसलं. खडू तिच्यापुढे धरला.

"नको, आबा. लेथशिवाय तुम्ही..."

सकाळपासून सगळ्यांशी भांडलेली ती. पण खडू काही तिला घेववेना.

"लिही... भिकाजी."